बरणीवरचा कौल

“नरच कित्याक? मादी न्हेलास तर चलाचा नाय?” आबा गवसांनी विचारलं.

कारखानीस सरांनी घसा खाकरला. कोनशेतच्या देवराईत, राखणदाराच्या पाषाणासमोर आम्ही अनवाणी उभे होतो. पुढे पाषाणाची पूजा बघणारे बाबल गुरव, शेजारी गावचे मुख्य मानकरी आबा गवस, मग सर, सरांच्या आडोशाला मी, आणि मागे निम्मं गाव. ज्याला काम होतं तोही आला होता, कारण पुण्याहून दोन शिकलेली माणसं देवाकडे वटवाघूळ मागायला येतात हा योग रोज येत नाही.

“त्याचं असं आहे,” सर म्हणाले, “नराच्या... त्या ठिकाणी एक हाड असतं. बारीकसं. त्या हाडाच्या आकारावरून जात नक्की ओळखता येते.”

“वागळाक?”

“हो.”

“थंय? हाड?”

“हो.”

कुणीतरी खोकला दाबल्यासारखं केलं, पण तो खोकला नव्हता. आबांनी राखणदाराच्या पाषाणाकडे बराच वेळ पाहिलं आणि उसासा टाकला.

“देव कोनाक काय दीत, सांगूक येना नाय,” ते म्हणाले.

मी मात्र त्या वेळी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पाषाणाच्या मागे जांभ्या दगडात एक घळ होती आणि त्या घळीत माझं सगळं भवितव्य उलटं टांगलेलं होतं. आदल्या वर्षी सावरीच्या फुलावर मधरस प्यायला आलेलं एक वटवाघूळ माझ्या जाळ्यात सापडलं. लांबुळकं तोंड, त्याहून लांब जीभ, नाकभर पिवळे परागकण. मधरसावर जगणारी वटवाघळं आपल्याकडे आहेत, पण ती याच्यापेक्षा मोठी. याचे दात वेगळे, कानाची ठेवण वेगळी, रंग तर साफ निराळा. मी मापं घेतली, फोटो काढले आणि सोडून दिलं. ही नवी जात आहे असं मला वाटलं, सरांना वाटलं, आणि दुर्दैवानं दक्षिणेतल्या एका गटालाही तसंच काहीतरी वाटू लागलंय अशी बातमी आली. आता जो पहिल्यांदा वर्णन छापेल त्याची ती जात. पण नुसत्या फोटोंवर कोण विश्वास ठेवणार? एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे कुणाला कधीही शंका आली तर त्यानं तिथे जाऊन ताडून बघायचं. त्या एका नमुन्याला होलोटाइप म्हणतात. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, घरून लग्नाचे फोन चालू होते, आणि एक नर मिळाला नाही तर दुसरा नर बघायची वेळ येणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

पण राखणदाराच्या घळीतली वाघळं म्हणजे देवाची. तिथलं वाळकं पानही देवाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. म्हणून हा कौल.

बाबलकाकांनी पाषाणाला पाणी लावून उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा तगरीच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालण्याआधी त्यांनी सरांकडे वळून विचारलं, “काम झाल्यार तेचा काय करतालास?”

“परत आणून देऊ,” सर म्हणाले.

मी सरांच्या पाठीकडे बघतच राहिले.

“देवासमोर बोलतास हां,” आबा म्हणाले.

“अहो, देवासमोरच बोलतोय. काम झालं की परत.”

बाबलकाकांनी गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी अशी पटकन सुटली की जणू ती त्याच शब्दाची वाट बघत होती. लोक खूश होऊन पांगले. वाटेत मी सरांना गाठलं.

“सर, होलोटाइप परत देता येत नाही.”

“मला शिकवतेस, पिसाळ?”

“मग तुम्ही...”

“अगं, बोलायचं असतं. देव काय पावती मागतोय?”

कारखानीस सरांबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. जंगलात ते अठरा खिशांचं जाकीट घालत आणि अठरांपैकी एकाच खिशात काहीतरी असे, ती सुपारी. दुसऱ्यांनी शोधलेल्या प्राण्यांची यादी दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी सरली होती आणि स्वतःच्या नावावर एक टोळही नव्हता. निवृत्ती तोंडावर आलेली. अशा वेळी माणूस देवालाच काय, देवाच्या बापालाही टोपी घालतो.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, देवराईच्या कडेच्या सावरीखाली जाळं लावलं. घळीतून वाघळं बाहेर पडायला लागली तेव्हा आकाश अजून तांबडं होतं. पहिली आली ती मादी, पोटाशी पिल्लू. सोडली. दुसरी मादी. सोडली. तिसरा नर. मी त्याच्या पंखाचं दुसरं बोट तपासलं. त्यावर नख नव्हतं. फळं खाणाऱ्या वाघळांना ते असतं, या मध प्यायच्या घराण्यातल्यांना बहुधा नसतं. जीभ बाहेर काढून तो माझा अंगठा चाटत होता, बहुतेक फूल समजून. अंगठ्याला परागकण लागले.

त्याला मारणं माझं काम होतं. सर जरा लांब जाऊन सुपारी कातरत बसले. मी ते नीट केलं, शिकवलं होतं तसं, त्याला दुखू न देता. पण तळहातावरची ऊब निघून जाताना कळते आणि ते कुणी शिकवत नाही. मी तिथेच मातीत बसून घळघळा रडले, मग डोळे पुसले आणि मापं घ्यायला लागले. बाबलकाका जाळं धरून उभे होते. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली.

पुण्याला आल्यावर तो स्पिरिटच्या बरणीत बसून संग्रहालयात गेला आणि मी लिहायला बसले. ते हाड सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि आनंदानं जवळजवळ नाचले. “अद्वितीय!” ते म्हणाले. कॅन्टीनमध्येही हाच विषय. एखाद्याच्या त्या हाडाचं इतकं कौतुक माझ्या ऐकण्यात दुसरं नाही.

मग सुरू झालं नावाचं राजकारण. नव्या जातीला नाव द्यायचा मान ती वर्णन करणाऱ्याचा. पण स्वतःचंच नाव देणं आमच्या धंद्यात निर्लज्जपणाचं समजतात.

“स्वतःचं नाव स्वतः देणं शिष्टसंमत नाही, पिसाळ,” सर एकदा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मात्र दुसऱ्यानं आदरानं दिलं, तर ते नाकारणंही शिष्टसंमत नाही.”

“हो, सर.”

“तेव्हा या लेखावर माझं नाव लेखक म्हणून नको. तू एकटीच लिही. मी आपला बाजूला.”

विद्यार्थिनीच्या लेखावरून स्वतःचं नाव काढा म्हणणारा गाइड मी पाहिलेला हा पहिला आणि शेवटचा. अर्थ न कळायला मी काही दूधपिती नव्हते. मी त्यांच्यासमोर मसुद्यात ‘कारखानिसी’ असं टाइपसुद्धा केलं. ते बघून ते लाजले आणि म्हणाले, “आता मला पुढचं काही दाखवू नकोस. छापून आल्यावरच बघेन.” शब्दाला जागले. खरंच पुन्हा बघितलं नाही.

मे महिन्यात लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. मी आनंदानं हवेत होते. पहिला फोन आईला केला, दुसरा कोनशेतच्या दुकानात, बाबलकाकांना बोलावून घेतलं.

“काका, काम झालं!” मी ओरडले.

“झाला? बरां झाला गो बाय,” ते म्हणाले. “देव पावलो.”

आणि चार दिवसांनी ते दारात उभे.

मी संग्रहालयातच होते, कारण छापण्याआधी नमुन्याचा क्रमांक एकदा ताडून घ्यायचा होता. सरही आले होते. खोलीत बरण्यांची कपाटं आणि त्या बरण्यांवर राज्य करणाऱ्या मांडकेबाई. या बाई कधी हसल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. दार उघडून शिपाई आत आला आणि म्हणाला, “गावाकडची माणसं आलीत. त्यांचं कुणीतरी इथं ठेवलंय म्हणतात.”

मागोमाग आबा गवस, बाबल गुरव आणि आणखी चौघे आत आले. एकाच्या हातात नारळ, एकाच्या हातात देवराईतल्या झऱ्याचं पाणी भरलेली बाटली.

“काम झाला म्हणान फोन केलंस मां, बाय?” आबा म्हणाले. “मगे इलव. आमचो तो दी.”

“कोण तो?” मांडकेबाईंनी विचारलं.

“वागूळ.”

मीच आपल्या तोंडानं काम झालं म्हणून सांगितलं होतं. सर लगबगीनं पुढे झाले. “अहो आबा, बसा बसा. चहा घ्या. त्याचं असं असतं...”

“देवासमोर तुमीच बोल्लास. काम झाला की परत.”

“तो एक... भावार्थ होता.”

“कसलो वार्थ?”

“इथे आलेला नमुना परत जात नाही,” मांडकेबाई म्हणाल्या. “नियम आहे. मी इथे लागल्यापासून एक गोगलगायसुद्धा परत गेलेली नाही.”

“गोगलगायीक न्हेवक कोन इल्लो?” आबांनी विचारलं.

मांडकेबाई थबकल्या. “कोणी नाही,” त्या म्हणाल्या. हा विचार त्यांना आजवर शिवलेला दिसत नव्हता.

मी आबांना समजावलं. लेखात छापलं जाणार होतं की नमुना अमुक संग्रहालयात आहे. तो इथे नसेल तर लेख मागे घ्यावा लागेल, तिकडे दुसरा गट टपून बसलाय, माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. आबा ऐकत होते आणि त्यांना माझं वाईटही वाटत होतं, ते दिसत होतं. पण शब्द राखणदाराला दिलेला होता, तो त्यांनी कसा सोडायचा?

“भांडाक इलव नाय आमी,” बाबलकाका शेवटी म्हणाले. “तेकाच इचारूया.”

“कुणाला?” सरांनी विचारलं.

“तेकाच. बरणीर कौल लावतंय.”

मला वाटलं, मांडकेबाई आता पोलिसांना बोलावणार. त्या नुसत्या म्हणाल्या, “पाणी लावायचं नाही. लेबल भिजेल.”

“लेबलाच्या मागल्या अंगाक लावतंय.”

यावर नियम नसावा. बरणी टेबलावर आली. माझा नर आत डोळे मिटून बसला होता, पंख अंगाभोवती गुंडाळून. काचेच्या मागच्या बाजूला बाबलकाकांनी झऱ्याचं पाणी लावलं, उजवीकडे एक पाकळी, डावीकडे एक. चपला बाहेर काढून सगळे उभे राहिले. मीही काढल्या. मांडकेबाईंनी जरा विचार करून काढल्या.

“बा राखणदारा म्हाराजा,” बाबलकाकांनी सुरू केलं, “तुझ्या घळीतलो ह्यो जीव परमुलखात बरणीत बसलो हा...”

“व्हय म्हाराजा!” बाकीचे म्हणाले. संग्रहालयाचा शिपाई मूळचा जुन्नरचा, त्याचा या देवाशी काही संबंध नाही, पण तोही ओघात म्हणून गेला.

“...तेका घराक येवचा असात तर उजवी दी. हयसरच रवाचा असात तर डावी दी.”

“व्हय म्हाराजा!”

आम्ही वाट बघू लागलो. पाकळ्या जागच्या हलेनात. मी देव फारसा मानत नाही, पण त्या वेळी डाव्या पाकळीला मी मनातल्या मनात जे काही कबूल केलं ते इथे सांगण्यासारखं नाही. बराच वेळ गेला. मग एकाएकी वरचा पंखा गरगरू लागला. सर भिंतीपाशी बटणांच्या पाटीला टेकून उभे होते आणि छताकडे असे बघत होते की पंखा आपणहून लागला असावा.

“पंखो बंद कर,” आबा वर न बघता म्हणाले.

सरांनी बंद केला. पाकळ्या तशाच. पंख्यानं फक्त मांडकेबाईंचे कागद उडाले होते आणि त्यांनी सरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात स्पिरिटची एक रिकामी बरणी स्पष्ट दिसत होती.

“कौल अडलो,” बाबलकाका म्हणाले. त्यांनी बरणी एकदा समोरून बघितली. लेबलावर क्रमांक, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, नाव सोडून सगळं होतं. “ह्येचा नाव काय?”

“नाव अजून सांगता येत नाही,” मी म्हणाले. “छापून येईपर्यंत ते बाहेर फोडायचं नसतं.”

“खरं आहे,” मांडकेबाई म्हणाल्या. “नियम आहे.”

“नावाशिवाय गाऱ्हाणां पोचाचा कसा? थंय देव तेका वळखी. हयसर कोन वळखता तेका? ह्या सगळ्या बरण्यांतलो नेमको खंयचो, ता देवाक कळूक नको?”

नाव फोडायचं नव्हतं हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. तेवढ्यात सरच पुढे आले. त्यांनी केसांवरून हात फिरवला, जाकिटाची कॉलर सारखी केली. पुण्यातही ते तेच जाकीट घालत.

“सांग, पिसाळ, सांग,” ते प्रेमळपणे म्हणाले. “आपलीच माणसं आहेत. संकोच कसला?”

मग मी सांगितलं.

“कोनशेतेन्सिस.”

कुणालाच काही कळलं नाही. सरांचा हात डोक्यावरच राहिला.

“म्हणजे काय?” आबांनी विचारलं.

“म्हणजे कोनशेतचा. ही पद्धत असते. जो जीव पहिल्यांदा जिथे सापडला, त्या गावाचं नाव त्याला देतात. आता जगात कुठेही कुणी याच्याबद्दल लिहिलं, तरी हेच नाव लिहावं लागेल.”

“पिसाळ?” सर म्हणाले. आवाज अगदी बारीक. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. लेख पाठवायच्या आदल्या दिवसापर्यंत तिथे त्यांचंच नाव होतं. पण माझ्या अंगठ्याला फूल समजून चाटणारा तो जीव, आणि देवासमोर हसत हसत खोटं बोलणारा हा माणूस, ही दोन नावं मला एका ओळीत लिहवेनात. मी खोडलं. त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आज स्वतः गाइड झाल्यावरही होत नाही. सरांनी त्यानंतर दिवाळीपर्यंत माझ्याशी अबोला धरला. पहिलं वाक्य बोलले ते असं, “निदान टोळ तरी?”

तिकडे आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता.

“कोनशेतचो,” ते म्हणाले. “म्हणजे कोनशेतकर.”

मला असं कधी सुचलंच नव्हतं. लॅटिनमध्ये मी जे एवढा घाम गाळून लिहिलं होतं, ते कोकणातला प्रत्येक माणूस गाव सोडताना आपल्या नावापुढे लावून निघतो.

“हो,” मी म्हणाले. “कोनशेतकर.”

“अरे, मगे ह्यो चाकरमानी झालो!” मागचा एकजण ओरडला, आणि सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. “मुंबयक आमचे घराघरांतले असत. ह्यो येक पुण्याक.”

बाबलकाकांनी पाकळ्या काढल्या, पुन्हा पाणी लावलं, नव्या चिकटवल्या. या वेळी गाऱ्हाणं अगदी थोडक्यात झालं. “बा कोनशेतकरा,” ते बरणीला म्हणाले, “तुका रवाचा असात तर रव. येवचा असात तर आमी न्हेवक इलव. काय ता सांग.”

डावी पाकळी काचेवरून घसरली, मध्येच थांबली, आणि टेबलावर पडली.

“रवता म्हणता,” बाबलकाका म्हणाले.

मी कपाटाला धरून उभी राहिले. लेख वाचला, शिष्यवृत्ती वाचली, लग्न टळलं. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण बाबलकाका अजून बरणीपाशीच होते. त्यांनी काचेवर तळहात ठेवला होता, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

“रव बाबा,” ते हळू म्हणाले. “तुझा काम असात हयसर. पन वर्सान् येकदा तरी घराक ये रे. जत्रेक तरी ये. कोन येना नाय आता. वाट बघून डोळे दुखतत.”

आबा जमिनीकडे बघत होते. बाबलकाकांचे दोन्ही मुलगे मुंबईला होते आणि मोठा सहा वर्षांत गावाला फिरकला नव्हता, हे मला त्या दिवशी परतीच्या गाडीला त्यांना पोचवताना आबांनी सांगितलं. पण ते सांगण्याची गरज नव्हती. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं की म्हातारा वटवाघळाशी बोलत नाहीये.

मांडकेबाईंनी बरणी पुढे ओढली. पदरानं काचेवरचं पाणी पुसलं, झाकण घट्ट आहे का बघितलं, लेबल भिजलेलं नाही याची खात्री केली. मग चष्मा वर ढकलून बाबलकाकांना विचारलं, “जत्रा कधी असते तुमची?”

“कार्तिकात,” बाबलकाका म्हणाले.

“ठीक आहे.” त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. “पिसाळ, एस.टी.त बरणी मांडीवर घेऊन बसायचं. टपावर टाकायची नाही.”